वंदना, तुझ्या मानेची गोष्ट

वंदना,

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला इतकी माणसं आली की चटया पुरल्या नाहीत. संघातल्या मुलींनी ग्राउंडवरची ताडपत्री आणून अंथरली. मी मागच्या बाजूला तुझ्या आईशेजारी बसले होते. पुढे बसलेल्या दोघी बायका आपसांत बोलत होत्या. एक म्हणाली, "शेवटी मानेनंच घात केला बघ पोरीचा." दुसरी म्हणाली, "तारेनं बांधलेली मान, ती किती टिकणार." तुझ्या आईनं माझा हात दाबला. बोल म्हणतेय की गप्प बस म्हणतेय, ते मला कळलं नाही. मी बोलले. म्हटलं, "मावशी, वंदना काविळीनं गेली. तिच्या मानेला शेवटपर्यंत काही झालेलं नव्हतं." त्यांनी मागे वळून पाहिलं, हो हो म्हणाल्या, आणि मला दिसलं की त्यांना काही पटलेलं नाही.

तुझ्या मानेबद्दल कुणी चुकीचं बोललं की तू तिथल्या तिथे, बस स्टॉपवर असलीस तरी, समोरच्याला पहिला मणका आणि दुसरा मणका समजावून सांगायला लागायचीस. आता ते काम माझ्याकडे आलंय. जसं झालं तसं लिहिते. कुठे चुकलं तर तू टोकणार नाहीस, त्याचंच वाईट वाटतंय.

घाटकोपरची ती मॅच. गिरण्यांचा संप सुरू होता, माझे वडील घरी बसून होते, आणि आपल्या दोघींना एका बँकेच्या कबड्डी संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलेलं होतं. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. तू आपल्या भांडुपच्या संघाची कॅप्टन, चढाईला सगळ्यात भरवशाची. तुझ्यानंतर मी. आपले कोच मोरे सर सारखे बजावत होते की चाचणी तोंडावर आहे, सांभाळून खेळा. तू सांभाळून कधी खेळली होतीस?

उत्तरार्धात तू चढाईला गेलीस. कोपऱ्यातल्या मुलीनं तुझा घोटा धरला. तू तिला ओढत मध्यरेषेकडे निघालीस आणि त्यांच्यातल्या एका उंच मुलीनं पुढून धडक दिली. तुझं डोकं पुढे झटकलं. फार जोरात नाही, तशा धडका आपण रोज खायचो. पण तू पडलीस ती उठलीच नाहीस. मी धावत आले. तुझे डोळे उघडे होते. तू अगदी शांत आवाजात मला विचारलंस, "निमे, माझे हात कुठायत?"

तुझे हात तुझ्या पोटावर होते. मी एक हात उचलून तुझ्या डोळ्यांसमोर धरला. तू त्याच्याकडे दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तशी बघत राहिलीस. आयुष्यात मी पुष्कळदा घाबरले आहे, पण तसं घाबरणं पुन्हा झालं नाही.

थोड्या वेळानं बोटं हलली. मग पाय हलले. तू उठून बसलीस, केस मागे सारलेस आणि म्हणालीस, "झालं. चल, गुण किती झाले?" मोरे सरांनी तुला पुन्हा आत जाऊ दिलं नाही. तू त्यांना त्या दिवशी जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. सर परवा विहारात पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखे रडत होते.

दुसऱ्या दिवशी तुला ब्लाउजची हुकं लावता येईनात. मान खाली घातली की पाठीतून कमरेपर्यंत करंट जातो, म्हणालीस. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मुका मार म्हणून मलम दिलं. मग तुझ्या आईला कुणीतरी गोवंडीच्या एका हाडवैद्याचं नाव सांगितलं. मानेला एक झटका दिला की शीर मोकळी होते म्हणे. आईनं जायची तयारीसुद्धा केली होती. तुझे वडील महापालिकेच्या पाणी खात्यात होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "झटक्यानंच झालंय ना हे? मग झटक्यानं बरं कसं होईल?" आणि तुला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ते त्या दिवशी गोवंडीला नेऊ देते तर पुढची एकही गोष्ट घडली नसती. तू हे नेहमी म्हणायचीस, आणि ते ऐकून ते लाजायचे.

हॉस्पिटलात मी बरोबर होते. आधी साधा एक्स-रे झाला. मग मानेच्या हाडांचे मोठे डॉक्टर स्वतः आले आणि तुझ्या शेजारी उभं राहून म्हणाले, "आता तुझी तूच मान हळूहळू पुढे वाकव. कुणी ढकलणार नाही. मुंग्या आल्या की थांब." तसा एक फोटो काढला. मग मान मागे करून एक. मग तोंड उघडं ठेवून समोरून एक. ते तीन फोटो त्यांनी काचेच्या दिव्यावर लावले आणि एकेक निरखून बघितला.

मग त्यांनी तुझ्या हातातली एक बांगडी मागून घेतली. म्हणाले, "मानेचा सगळ्यात वरचा मणका असा असतो. बांगडीसारखा. त्याच्यावर डोकं बसतं." मग बांगडीतून आपलं बोट वर काढलं. "दुसऱ्या मणक्याला अशी एक खुंटी असते. ती या बांगडीत पुढच्या बाजूला बसते. म्हणून डोकं डावी-उजवीकडे फिरतं, पण बांगडी जागची हलत नाही. तुझ्या खुंटीचा वरचा भाग सुटा आहे. वाटाण्याएवढा एक गोल तुकडा, बुंध्याशी न जोडलेला. त्यामुळे तू मान वाकवलीस की बांगडी पुढे सरकते. आणि मागे उरलेल्या जागेतून जातो मज्जारज्जू. तो चिमटतो."

"मोडलंय का?" तू विचारलंस.

"आत्ता नाही मोडलेलं. कडा गुळगुळीत आहेत, जुनं आहे. जन्मापासून असेल, नाहीतर अगदी लहान असताना पडली असशील आणि कुणाला कळलं नसेल. नक्की सांगता येत नाही. फार कमी लोकांत सापडतं हे."

"म्हणजे मी इतकी वर्षं हे असंच घेऊन खेळले?"

"हो. नशीब चांगलं."

"नशीब नाही डॉक्टर. मानेचे स्नायू," तू म्हणालीस. "मोरे सर रोज डोकं जमिनीला टेकवून, अंग उचलून पूल करून घेतात आमच्याकडून."

डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर आहे. स्नायूंनी सांभाळलं. पण आता ते पुरणार नाहीत."

तू त्यांना पुढे नीट, एकेक करून प्रश्न विचारलेस. मला ते सगळे आठवतात, कारण मी तिथे नुसती उभी होते आणि तू प्रश्न विचारत होतीस. सगळ्यांचंच ऑपरेशन करतात का? नाही म्हणाले, ज्यांची हाडं सरकत नाहीत आणि ज्यांना काही त्रास नाही, त्यांना अधूनमधून फोटो काढून नुसतं बघत राहतात. मग माझं का? तुझं फार सरकतंय, आणि तुझ्या हातांवर परिणाम झालाय. ऑपरेशन म्हणजे काय करणार? मानेच्या मागून पहिला आणि दुसरा मणका तारेनं एकमेकांना बांधायचा, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मध्ये बसवायचा, आणि ते सगळं मिळून एक हाड व्हायची वाट बघायची. तोवर डोक्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर. धोका आहे का? आहे. हात-पाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

"ऑपरेशननंतर कबड्डी?"

"नाही."

"ऑपरेशन नाही केलं तर कबड्डी?"

"तेही नाही. ती मॅच तुझी शेवटची होती."

बाहेर आलो. बस स्टॉपपर्यंत आपण चालत गेलो, तुझे वडील पुढे आणि आपण मागे. मग तू म्हणालीस, "काय यार, शेवटची मॅच आणि पूर्ण पण खेळू दिली नाही."

त्यानंतर तुझ्या घरात जे भांडण झालं ते मी कधी विसरणार नाही. आई म्हणत होती, चालती-बोलती पोर मी मानेवर सुरी चालवायला देणार नाही. वडील म्हणत होते, डॉक्टरांवर सोपवू. आणि तू दोघांशीही भांडत होतीस, कारण तुला ऑपरेशनही नको होतं आणि खेळही सोडायचा नव्हता. मी म्हटलं, वंदे, करून टाक. तू माझ्याकडे वळलीस. "तू सोडशील का खेळ? खरं सांग. तुला आज कुणी सांगितलं, निमे, उद्यापासून लाइनीच्या आत पाय टाकायचा नाही, तर तू काय करशील?" मी उत्तर दिलं नाही. पुढे तू दोन-तीनदा तोच प्रश्न विचारलास, मी दरवेळी विषय बदलला. आता सांगते. मी नसता सोडला. मी गोवंडीलाच गेले असते.

तुला पटवलं ते आमच्यापैकी कुणीच नाही. तुझ्या वहिनीचं बाळ तेव्हा चार-पाच महिन्यांचं असेल. वहिनी पाणी भरत होती, बाळ रडलं, तू वाकून त्याला उचललंस आणि हातांतली ताकदच गेली. बाळ निसटलं. खाली गोधड्यांची घडी होती म्हणून काही झालं नाही, ते जरा रडून गप्प झालं. तू कुणाला बोलली नाहीस. संध्याकाळी मी आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "मी कबड्डीसाठी मरायला तयार होते गं. खरंच होते. पण हे बाळ पडलं माझ्या हातून. उद्या जाऊ या हॉस्पिटलात."

तुला आत घेतल्यावर आधी डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा बसवला आणि त्याला दोरीनं वजनं टांगली. हाडं जागेवर आणायला. तू उताणी, छताकडे बघत पडलेली. मान हलवायची नाही, उशी नाही. मला वाटलं आता तरी ही रडेल. तू म्हणालीस, "निमे, पंखा बघ. याला एक पातं कमी आहे. हे बघत पडायचं म्हणजे वाट लागली माझी."

आणि मग चाचणीची तारीख आली. मी जाणार नाही म्हटलं. तू तशी पडलेली असताना मी बँकेच्या ग्राउंडवर जाऊन चढाया करायच्या, हे मला जमणार नव्हतं. तू म्हणालीस, "दोघींतली एकच घेणार होते ते. मोरे सरांनी मला सांगितलं होतं. माझं नाव वर होतं."

"माहीत आहे मला."

"मग तू जायलाच पाहिजेस. नाहीतर जागा मुलुंडच्या त्या पोरीला जाईल. तिला चढाई येते का?"

मी वजनांच्या दोरीकडे बघितलं.

"तुझे बाबा घरी बसलेत, निमे. आणि इथं उभी राहून तू माझी मान धरणार आहेस का? तिला वजनं लावलीत त्यांनी."

मग तू मला कॉटच्या पायथ्याशी उभं केलंस आणि माझी चढाई कशी असते ते मलाच सांगितलंस. तू उजवीकडेच वळतेस. तीन वेळा तरी डावीकडे जा, म्हणजे चौथ्यांदा उजवी मोकळी मिळेल. घोटा धरला तर खाली बघू नकोस, मध्यरेषेकडे बघ. शेजारच्या कॉटवरच्या आजी ऐकत होत्या, त्यांना वाटलं आपण परीक्षेचा अभ्यास करतोय. मी गेले. डावीकडे गेले. माझी निवड झाली. तुला सांगायला आले तर तू म्हणालीस, "झकास. आता पहिल्या दिवशी साडी नीट नेस, तुझ्या निऱ्या नेहमी तिरक्या असतात." एवढंच. माझी आई त्या दिवशी तुझ्या कॉटपाशी उभी राहून तुझ्या गालावरून हात फिरवत मालवणीत म्हणाली, "चेडवा, तुझा ह्या मी विसरूचंय नाय." तू तिला म्हणालीस, "मावशी, मला तुमचं ते खेकड्यांचं, कुर्ल्यांचं सार आणा, मग विसरला तरी चालेल."

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी समजावलं की इतरांना झोपवून, मान मागे करून घशात नळी घालतात, पण तुझी मान मागे करणं धोक्याचं, म्हणून तू जागी असतानाच नळी घालावी लागेल. घसा बधिर करू, पण गुदमरल्यासारखं होईल. घाबरायचं नाही, श्वास सांभाळायचा. तू म्हणालीस, "बाई, श्वासाचं मला सांगू नका." त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, ही कबड्डी खेळते, एका दमात पूर्ण चढाई करते. नंतर त्याच बाईंनी बाहेर येऊन तुझ्या आईला सांगितलं की इतक्या शांतपणे नळी घेणारी पेशंट त्यांनी पाहिली नव्हती.

तुझी आई ऑपरेशनच्या दिवशी दिवसभर काही बोलली नाही. बाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसून राहिली. दुपारनंतर डॉक्टर आले, म्हणाले, मनासारखं झालंय, पण शुद्धीवर येऊन हात-पाय हलवेपर्यंत मी काही बोलणार नाही. आम्हाला दारातून बघू दिलं. डॉक्टरांनी तुला हाक मारली. "वंदना, पायाचा अंगठा हलव." तू डोळे न उघडता अंगठा हलवलास. "दुसरा." दुसरा हलवलास. "माझं बोट दाब." डॉक्टरांनी हात झटकला आणि हसत आमच्याकडे बघितलं. तुझी आई तिथेच खाली बसली. तिच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला, तो रडण्याचा होता.

मग प्लास्टर. कपाळावरून एक पट्टी, हनुवटीखाली आधार, आणि खाली कमरेपर्यंत पांढरा टणक झगा. भर उन्हाळ्यात. तुझ्या खोलीवर पत्रा. आत खाज सुटली की तू विणकामाची सुई आत घालायचीस, डॉक्टरांनी सक्त मनाई केली असून. आई ओल्या फडक्यानं हात-पाय पुसायची, वडील पुठ्ठ्यानं वारा घालायचे. गल्लीतली पोरं सुरुवातीला घाबरायची, मग त्यांना त्यावर नावं लिहायची परवानगी दिलीस. माझं नाव तू तुझ्या खांद्यावर लिहायला लावलंस, तुला न दिसणाऱ्या जागी.

आणि तशा अवस्थेत तू ग्राउंडवर आलीस. मोरे सरांनी खुर्ची दिली. तुला खाली बघता येत नव्हतं, म्हणजे मुलींचे पाय दिसत नव्हते, आणि कबड्डी तर सगळी पायांची. तू त्यांचे खांदे बघायला लागलीस. दुसऱ्या आठवड्यात तू लांबून ओरडून सांगत होतीस, "तिचा डावा खांदा पडला, ती आता उजवीकडे सुटणार, धरा." आणि ती खरंच उजवीकडे सुटायची. मोरे सर मला म्हणाले, मी इतकी वर्षं शिकवतोय, हे मला दिसलं नव्हतं.

प्लास्टर कापलं तेव्हा तुझी मान बारीक, पांढरी, कुणा दुसऱ्याची वाटत होती. नवा फोटो काढला. पुढे वाकवून, मागे करून. काहीच सरकत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड धरायला लागलंय, आता काही दिवस पट्टा घाल, मग सगळं कर. धक्काबुक्कीचा खेळ नाही, डोक्यावर ओझं नाही, आणि मान पूर्वीइतकी फिरणार नाही, निम्मी फिरेल, खालीही थोडी कमीच वाकेल, कारण फिरण्याचा तो सांधाच आता बांधलेला आहे. तेव्हापासून तू कुणी हाक मारली की कमरेपासून अख्खी वळायचीस. अनोळखी लोकांना ते ऐट वाटायची. आणि खरं सांगू, ऐट होतीही.

पंच परीक्षा दिलीस तेव्हा मी विरोध केला. कुणी तुझ्या अंगावर पडलं तर? तू म्हणालीस, पंच रेषेबाहेर असतो. मी म्हटलं, खेळाडू रेषेबाहेर पडतात. तू सरळ डॉक्टरांकडे गेलीस आणि त्यांना ग्राउंडचं चित्र काढून दाखवलंस, पंच कुठे उभा राहतो, खेळाडू कुठवर येतो. त्यांनी हो म्हटलं. तुझ्या पहिल्या मॅचला प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे पंचबाई, मान तरी वळवा." तू अख्खी वळलीस, त्याच्याकडे बघितलंस आणि पुन्हा अख्खी वळून मॅच बघायला लागलीस. त्यानंतर तो बोलला नाही.

त्याच मोसमात तू मला बाद दिलंस. बँकेकडून मी चढाईला गेले होते. "निदान रेषा न ओलांडता परत आलीस, बाद," म्हणून तू शिट्टी मारलीस. शेवटची मिनिटं, आम्ही एका गुणानं हरलो. मी तुझ्याशी महिनाभर नीट बोलले नाही. माझा पुढचा पाय रेषेपलीकडे होता आणि मागचा उचललेला होता, म्हणजे नियमानं रेषा ओलांडली होती. तू म्हणायचीस, मागच्या पायाचा अंगठा टेकलेला होता, मी डोळ्यांनी बघितला. मी म्हणायचे, तुला खाली बघता तरी येतं का. तू म्हणायचीस, खाली नाही बघता येत म्हणून मी दहा पावलं मागे उभी असते, तिथून सगळं दिसतं. हे भांडण आपण तुझ्या लग्नात केलं, तुझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या बारशाला केलं, आणि गेल्या दिवाळीत तुझ्या घरी शंकरपाळे खाताना केलं. आता मी एकटीच राहिले. तरीही सांगते, अंगठा टेकलेला नव्हता. पण मैत्रिणीला बाद द्यायला तुला एक क्षणही विचार करावा लागला नाही, हे मी बँकेत सगळ्यांना सांगत असते. रागानं सांगायला सुरुवात करते आणि शेवटी छाती फुगलेली असते.

अशोक तुला बघायला आला तो दिवस तू मला इतक्या वेळा सांगितलास की मी तिथे होते असंच वाटतं. मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं, मानेचं बोलू नका. अशोकच्या आईनं विचारलं, मुलगी वाकून पाणी का ठेवत नाही. तुझ्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तू पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवलास, समोर बसलीस आणि म्हणालीस, "माझ्या मानेत तार आहे." मग बांगडी काढलीस आणि पहिला मणका, दुसरा मणका, खुंटी, सगळं सांगितलंस. अशोक मुलुंडला एका कारखान्यात टर्नर. त्यानं विचारलं, "आता दुखतं का?" तू म्हणालीस, "थंडीत थोडं." तो म्हणाला, "मग थंडीत पाणी मी भरीन." तू मला म्हणालीस, निमे, पहिल्यांदाच कुणीतरी हे नाही विचारलं की परत मोडेल का. दुखतं का, असं विचारलं. म्हणून हो म्हटलं.

त्यानं पाणी भरलं. मी साक्षीदार आहे.

यंदा वस्तीत काविळीची साथ आली. किती जण आजारी पडले आणि उठले. तू उठली नाहीस. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, काहींचं यकृत असं एकदम बसतं म्हणाले. तुझी शुद्ध हरपत चालली तेव्हा श्वासासाठी नळी घालायचं ठरलं. तरुण डॉक्टरानं तुझी मान मागे करायला हात लावला आणि अशोक मध्ये पडला. "थांबा. पहिला आणि दुसरा मणका जोडलेला आहे. आधी फोटो बघा." अशोक जुना फोटो घेऊनच आला होता. त्या डॉक्टरानं तो बघितला, शिवाय एक नवा काढला. मग दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून त्यानं दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. "हे बघ," तो म्हणाला, "दोन मणके राहिलेतच कुठे? एकच हाड झालंय. कुणी केलं हे? काय काम केलंय."

वंदना, तू बेशुद्ध होतीस, तुला ते ऐकू आलं नाही. म्हणून लिहितेय. त्या खोलीत, तशा वेळी, अशोकनं आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि आम्हा दोघांना अभिमान वाटला. लाज नाही वाटली त्याची. तुझ्या शरीरात सगळं हरत असताना ते एक हाड घट्ट उभं होतं. ते डॉक्टरांनी बांधलं हे खरं, पण ते धरलं तुझ्या अंगानं. उन्हाळाभर त्या प्लास्टरमध्ये न हलता बसून, तूच ते धरवलंस.

नोकरीबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस. संप विरून गेला तरी बाबांची गिरणी काही सुरू झाली नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या दोन्ही भावांचं शिक्षण त्या जागेवर झालं, जी तुझी होती. घरी कुणीही हे विसरलेलं नाही. आई अजूनही कुर्ल्या आणल्या की एक वाटी बाजूला काढते. परवा काढली, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

शुद्ध जाण्याच्या आदल्या दुपारी तू बोललीस ते प्रज्ञाबद्दल. म्हणालीस, "तिला खेळायला पाठव. पण आधी मानेचा फोटो काढ." अशोकनं मान्य केलं. काल आम्ही दोघं प्रज्ञाला घेऊन तुझ्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते आता खूप म्हातारे दिसतात. तू गेल्याचं त्यांना सांगितलं. मग त्यांनी प्रज्ञाला टेबलावर बसवलं, तिच्याशी खेळत खेळत तिची मान सगळीकडून फिरवून बघितली आणि म्हणाले, "हे सहसा आईकडून मुलीत येत नाही. आणि या वयात ती खुंटी कुणाचीच पुरती जोडलेली नसते, फोटो काढून काही कळणार नाही. शाळेत पहिली-दुसरीत गेली की आणा."

घरी येताना अशोक म्हणाला, "मी तिला कबड्डीत घालायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही, निर्मला." मी म्हटलं, ठरवू नका. तिला ठरवू दे.

पण तुला सांगते. ती दुसरीत गेली की मीच तिला तिथे घेऊन जाणार आहे. पुढे वाकवून, मागे करून, तोंड उघडं ठेवून, सगळे फोटो काढणार आहे. खुंटी जोडलेली निघाली तर तिला चढाई शिकवीन, डावीकडून. सुटी निघाली तर ती बांधून घेऊ, आणि ती पंच होईल.

तुझी,
निमी